खबर होती, मग थांबवलं का नाही?

दहावीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, २६/११ ची खबर आधीच होती म्हणतात. मग थांबवलं का नाही?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर आपल्या प्रत्येक घराच्या कामाचं आहे.

त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली, त्यात आपलेही लोक होते. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला होता. समुद्रातून धोका आहे, मोठी हॉटेलं निशाण्यावर आहेत, असे इशारे आधी आले होते. पण वेगवेगळ्या यंत्रणांचे इशारे एकत्र ठेवून त्यांचा अर्थ लावला गेला नाही. राम प्रधान समितीनेही गुप्त माहिती हाताळण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं.

कारगिलनंतर, २००१ मध्येच, याच कामासाठी इंटेलिजन्स ब्युरोत मल्टी एजन्सी सेंटर स्थापन झालं होतं. ते खऱ्या अर्थाने चोवीस तास चालू झालं २६/११ नंतर. त्याच सुमारास एनआयए आली, मग नॅटग्रिडची योजना आली. २०१२ मध्ये एनसीटीसीचा प्रस्ताव आला, पण अटकेचे अधिकार थेट गुप्तचर खात्याकडे जाणार म्हणून अनेक मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि तो बारगळला. हा विरोध अगदीच चुकीचा नव्हता.

कारण माहिती वाटून घेण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपण भोगली आहे. सप्टेंबर २००६ मध्ये, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. मेले आपलेच, आणि एटीएसने पकडले तेही आपलेच नऊ जण. पुढे एनआयएच्या तपासात वेगळेच लोक समोर आले. पाच वर्षं तुरुंगात काढल्यावर जामीन मिळाला, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं.

७/११ च्या लोकल स्फोटांचं तसंच. एटीएसने एक कहाणी सांगितली, तर २००८ मध्ये त्याच शहराच्या क्राइम ब्रँचने वेगळ्याच लोकांकडे बोट दाखवलं. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. १८० हून जास्त मृतांच्या घरच्यांना इतक्या वर्षांनीही खरा गुन्हेगार कोण ते कळलेलं नाही.

म्हणून माहिती नुसती फिरून भागत नाही, ती तपासली गेली पाहिजे. चुकीचं नाव एका फाइलमधून दहा फाइलींत गेलं, तर त्या माणसाने जायचं कुठे? एका यंत्रणेकडे आरोपीच्या बाजूचा पुरावा असेल, तर तोही दुसऱ्या यंत्रणेपर्यंत आणि न्यायालयापर्यंत पोचला पाहिजे. इंटेलिजन्स ब्युरोला आजही स्वतंत्र कायदा नाही, संसदीय समितीची देखरेख नाही. मनीष तिवारींनी २०११ मध्ये त्यासाठी खासगी विधेयक आणलं, ते तसंच राहिलं.

आपलीही जबाबदारी आहे. मोहल्ल्यात काही गैर दिसलं तर सांगायला हवं. पण सांगणाऱ्यालाच उद्या आरोपी करणार नाहीत, हा भरवसा असेल तरच माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढतो. मी त्या मुलाला एवढंच म्हटलं, "बेटा, खबर होती, पण ती जोडणारं कोणी नव्हतं. आणि जिथे खबरच चुकीची होती, तिथे ती तपासणारं कोणी नव्हतं."