एकाच बाजूचे वल्हे

आमचा भाचा कॉलेजात नौकानयन करतो. चौघांच्या नावेत तो बसतो. सुट्टीत आला तेव्हा त्याच्या शर्टाचा एक खांदा खाली लोंबलेला आमच्या सौभाग्यवतींच्या नजरेस पडला. खोदून विचारल्यावर कळले, दोन महिने कमरेच्या एका बाजूला दुखत होते. त्याने सरांना सांगितले नव्हते. "मामा, निवड चाचणी तोंडावर आहे, सांगितले तर बसवतील," म्हणाला. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के जागा आहेत, त्यावर घरादाराचा डोळा. त्याला रागावण्याचे धाडस आम्हाला झाले नाही.

नौकानयन म्हणजे हाताचा खेळ असे आम्हीही समजत होतो. ते चूक आहे. बैठक मागेपुढे सरकते, पाय फळीला बांधलेले असतात व जोर आधी पायांचा, मग पाठीचा, शेवटी हातांचा. नावांचे दोन प्रकार. एकात प्रत्येकाकडे दोन वल्ही, दोन्ही अंगे सारखी चालतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ, विहिरी खोदून सैन्यात गेलेले, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले ते अशाच नावेत. दुसऱ्या प्रकारात एकेकाला एकच वल्हे, दोन्ही हातांनी धरायचे. भाच्याची नाव ही. शर्यत २००० मीटरची, पण सरावात हजारो वेळा धड त्याच बाजूला वळते. कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू मग सारखे काम करीत नाहीत. एकाच खांद्यावर वर्षानुवर्षे पोते वाहणाऱ्या हमालाची पाठ ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. (आम्ही कारकून मंडळीही पिशवी एकाच खांद्याला अडकवतो, पण आम्हाला पदक मिळत नाही.)

दुसरा असमतोल मात्र सर्वच वल्हेकऱ्यांचा. ओढणे सतत, ढकलणे नाहीच. मांडीचा पुढचा भाग दणकट होतो, मागचा व कुल्ल्याचा मागे राहतो. मागचे स्नायू आखडले की पुढे झुकताना कंबरेचा सांधा वळत नाही, पाठच वाकते, आणि भार तिच्यावर येतो.

उपाय महागडे नाहीत. ओढण्याच्या जोडीला ढकलणे हवे, त्यासाठी आपल्या तालमीतले दंड उत्तम. पाठीवर निजून टाचा खाटेच्या कडेवर ठेवून कंबर उचलावी, आधी दोन्ही पायांनी, मग एकेका. एका कोपरावर आडवे होऊन अंग सरळ उचलून धरावे व घड्याळ लावून दोन्ही बाजू मोजाव्यात. सुरुवात दुबळ्या बाजूने करावी व तिला जमेल तितकेच बळकट बाजूने करावे, जास्त नाही. शर्यतींचा हंगाम नसताना बाजू बदलून किंवा दोन वल्ह्यांच्या नावेत बसावे. रोइंग मशीनवर तासभर सलग ओढू नये, मध्ये उठावे. थकल्यावर पाठ वाकते, ते स्वतःला कळतही नाही.

व्यायामाने दोन्हीकडे दुखले तर ते काही दिवसांत जाते. एकाच बाजूचे दुखणे टिकले, पायात कळ किंवा मुंग्या उतरल्या तर डॉक्टर गाठावा. बरगडीत दुखून खोल श्वास किंवा खोकला सहन होत नसेल तर वल्हे त्याच दिवशी खाली ठेवावे. वल्हेकऱ्यांच्या बरगडीला सतत ताणाने बारीक तडा जातो, ओढत राहिल्यास तो वाढतो. लघवीवरचा ताबा सुटला तर रात्र असली तरी दवाखाना.

भाच्याला आम्ही स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून एका पायावर उठायला लावले. उजव्यावर चौदा वेळा उठला, डाव्यावर नऊला बसला. आत्तापर्यंत हसणारा पोरगा गप्प झाला. परत गेल्यावर त्याने सरांना सांगितले. चाचणी हुकली. सरांनी महिनाभर त्याला दुसऱ्या बाजूचे वल्हे दिले. पहिल्या दिवशी ते पाण्यात अडकून मूठ पोटात बसली, असे फोनवर सांगत होता. परवा डाव्यावर बारा झाले म्हणाला.