मुलीचं नाव पेन्सिलनं लिहू नका

आपल्या समाजात मुलगी जन्मली की तिच्या नावावर मत द्यायचा हक्क सगळ्यांना असतो. आत्तीला असतो, कारण पाळण्यात कानात नाव सांगायचा मान तिचा. पंचांग बघणाऱ्याला असतो, कारण अक्षर तो काढतो. आजकाल मुंबई-पुण्याच्या चुलतभावालाही असतो, कारण तो फोनवरून चाळीस नावांची यादी धाडतो. गप्प असते ती एकटी बाळंतीण. भेटायला आलेल्या बाईनं विचारलं, "नाव काय ठेवूलालाय गं?" की ती म्हणते, "बघू की, घरचे काय म्हणतात ते." नऊ महिने पोटात वागवलेल्या लेकीचं नाव तिला दुसऱ्याच्या तोंडून कळतं, आणि याला आपण रीत म्हणतो.

ही रीत कुणाची आणि कुठून आली ते एकदा बघूया.

पहिलं, अक्षराचं. नक्षत्राला चार चरण, प्रत्येक चरणाला एक अक्षर. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर मूल जन्मलं तर अक्षर येतं 'ङ'. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण', उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ'. आता सांगा बघू, 'ङ'वरून मुलीचं नाव काय ठेवणार? तिथं पंचांगवालाच म्हणतो, जवळचं दुसरं अक्षर घ्या, चालतं. अहो, तिथं चालतं तर बाकी ठिकाणी का चालत नाही? आईनं सहा महिन्यांपासून मनात धरलेलं 'त्रिशला' नाव 'अक्षर बसत नाही' म्हणून बाजूला टाकताना ही सवलत कुणाला आठवत नाही.

आणि हे शास्त्र आपलं आहे का? जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात गर्भान्वयाच्या 53 क्रिया सांगितल्यात, त्यांत नामकर्म आहे. जन्मानंतर बारा दिवस गेल्यावर नाव ठेवावं, आणि भगवंतांच्या 1008 नावांच्या चिठ्ठ्या घटात घालून त्यातली एक उचलून ते ठरवलं तरी चालेल, अशी तिथली रीत. चिठ्ठी उचलून नाव ठरतं तिथं चरणाच्या अक्षराची अट कशी राहील? सुमतीनाथांच्या नावावरून किती घरांत सुमती झाल्या! सोलापूरच्या श्राविका संस्थेच्या पंडिता सुमतीबाई शहा त्यातल्याच एक. त्यांचं नाव घेताना त्यांचं नक्षत्र कोणतं असं कुणी विचारत नाही.

दुसरं, स्पेलिंगचं. हे खूळ नवं आहे आणि शिकलेल्या घरांतच जास्त आहे. नाव ठरतं, मग ते आकड्यांच्या जाणकाराकडे जातं. तो इंग्रजी अक्षरांची बेरीज करतो आणि सांगतो, एक 'ए' वाढवा, नाहीतर शेवटी 'एच' लावा, म्हणजे मुलगी यश मिळवील. त्यासाठी दक्षिणा मोजली जाते. सकाळी मंदिरात जाऊन आठ कर्मांची नावं म्हणणारी माणसं संध्याकाळी एका इंग्रजी अक्षरापुढं हात जोडतात.

बायांनो, आपल्याकडं 'नामकर्म' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे पाठशाळेत आपण सगळ्या शिकलो. एक नाव ठेवायचा संस्कार. दुसरं आठ कर्मांतलं सहावं, ज्याच्यामुळं जिवाला शरीर, रूप, स्वर मिळतात. त्याच्या 93 प्रकृती आहेत. त्यांत यशःकीर्तीसुद्धा आहे. म्हणजे यश कुठून येतं याचं उत्तर आपल्या शास्त्रानं देऊन ठेवलंय. त्या 93 मध्ये 'डबल ए' नावाची प्रकृती मला कुठं सापडली नाही. कर्मसिद्धांतही मानायचा आणि जादा 'एच'ही मानायचा, असं दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणार नाही.

यावर कुणी म्हणेल, मग नावात काही नसतंच ना? नामनिक्षेप म्हणजे गुण न बघता व्यवहारासाठी दिलेलं नाव. मग कुणी का ठेवेना, कसं का लिहीना, तुम्ही एवढं का भांडता?

व्यवहारासाठी दिलेलं, म्हणूनच भांडते. नावानं नशीब उघडत नाही, पण नावानं बँकेचं खातं उघडतं. आणि आपण राहतो सीमेवर. इथं एका मुलीचं नाव तीन लिप्यांत जातं. जन्माचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत, शाळा मराठी, पुढं कॉलेज कोल्हापूरला नाहीतर सांगलीला. मराठीत आपण 'सुमती' दीर्घ लिहितो, कन्नडमध्ये ती ऱ्हस्व होते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. घोळ होतो तो इंग्रजीत. कर्नाटकात 'त'साठी 'टीएच' लिहायची पद्धत, महाराष्ट्रात नुसता 'टी'. निपाणीत ललिता एका स्पेलिंगची, वीस-पंचवीस किलोमीटरवर कागलला गेली की दुसऱ्या. आडनावाचंही तेच. चौगुलेचं चौगला होतं, मगदूमचं मगदुम. त्यात आकडेवाल्याचा जादा 'ए' पडला की दाखल्यावर एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, आधारवर तिसरं. मग वीस वर्षांची पोर प्रतिज्ञापत्र करून सांगत फिरते की या तिघी म्हणजे मी एकटीच.

हे टाळता येतं. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणं जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. तेव्हा नाव ठरलं नसलं तरी नोंद होते. नाव मागाहून घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत बिनपैशात आणि त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे घाईत कुणीही काहीही लिहून द्यायची गरज नाही. दुसरीकडं 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी या सगळ्याला जन्माचा दाखलाच पुरावा धरला जातो. आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलून मिळतं. तेव्हा दाखल्यावर जे अक्षर पडेल ते लेकीच्या जन्माला चिकटणार आहे. ते अक्षर पडताना खिडकीपाशी कोण उभं असतं? काका, मामा, नाहीतर दवाखान्यातला कारकून. आई घरी बाळंतशेक घेत असते. फॉर्म तिनं वाचलेलाही नसतो.

आता खरी दुखरी जागा. मुलाच्या नावाच्या बाबतीत हा घोळ कमी होतो, कारण ते नाव सात-बाऱ्यावर जाणार, दुकानाच्या पाटीवर जाणार, हे सगळ्यांच्या डोक्यात असतं. मुलीचं नाव मात्र पेन्सिलनं लिहिलेलं असतं. पुढं कुणीतरी खोडणारच, मग एवढं कशाला बघायचं? लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात. माहेरची त्रिशला सासरी साक्षी होते. पंचवीस वर्षं जे नाव ऐकून ती मागं वळली, ज्या नावानं पहिलं बक्षीस घेतलं, ते एका ताटात पुसलं जातं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. तरी आपण बदलतो, आणि म्हणतो, हौस असते हो. हौस असेल तर त्याच ताटात नवऱ्याचंही नवं नाव लिहा, बघू किती टाळ्या पडतात.

नाव म्हणजे काही नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी साताऱ्याकडं बघावं. 2011 साली त्या जिल्ह्यात 285 मुलींची नावं समारंभ करून बदलली. त्यांचं आधीचं नाव होतं नकोशी. त्या बदलाला मी दोन्ही हातांनी नमस्कार करते, कारण तिथं नाव पुसलं गेलं ते मुलीच्या भल्यासाठी. ताटातल्या तांदळात नाव पुसलं जातं ते कुणाच्या भल्यासाठी?

नव्या नावांशी माझं वैर नाही. मायरा ठेवा, शनाया ठेवा, आवडतं तर ठेवा. फक्त अर्थ विचारल्यावर फोन काढून दाखवायची वेळ येऊ नये, आणि 'संस्कृतमध्ये देवीचं नाव आहे' असं ठोकून देऊ नये. अर्थ नसला तर नाही म्हणा, कानाला गोड लागलं म्हणा. तेही खरं कारण आहे.

आणि परंपरेचा आधार हवाच असेल तर जवळचा घ्या. ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या दोन लेकींना जवळ बसवून उजव्या हातानं अक्षरं आणि डाव्या हातानं अंक लिहून शिकवले, असं आपण मानतो. मुलग्यांच्या शिक्षणाचं वर्णन त्यानंतर येतं. लिपीला नाव मिळालं ते लेकीचं. ज्या धर्मात पहिलं अक्षर आणि पहिला अंक मुलींच्या हाती दिला गेला, त्या धर्माच्या घरात मुलीच्या नावाचं अक्षर पंचांगवाल्यानं काढायचं आणि अंक आकडेवाल्यानं, हे ब्राह्मी-सुंदरीला काय सांगणार आहोत आपण?

म्हणून लेकीसुनांना माझं सांगणं सरळ आहे. नाव आईच्या तोंडून आधी यावं, मग आत्तीनं कानात सांगावं. तिचा मान कुठं जात नाही. दाखल्याचा फॉर्म बाळंतिणीनं स्वतः वाचून सही करावी. एका वहीत मुलीचं नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत एकदाच पक्कं लिहून ठेवावं, आणि शाळेत, बँकेत, दवाखान्यात तेच उतरवावं. स्पेलिंग उच्चाराप्रमाणं असावं, जादा अक्षराला पैसे मोजू नयेत. आणि ज्यांच्या घरी लग्न ठरलंय त्या सासवांनो, यंदा तांदळाचं ताट मांडू नका. सून तिचं नाव घेऊन येतेय. त्याच नावानं तिला हाक मारा.