वेबसाइट मोजायची ती फोन वाजावा म्हणून

दुसरबीडहून मेहकरकडे किंवा सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर ज्यांची हॉटेले, दुकाने, कृषी सेवा केंद्रे आहेत, त्यांच्याशी आज बोलायचे आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला आहे. लांब पल्ल्याची गाडी आता गावाला वळसा घालून निघून जाते. पाटी वाचून थांबणारे गिऱ्हाईक घटले की मोबाईलवर शोधून येणाऱ्यावर भिस्त ठेवावी लागते. म्हणून छोटा व्यावसायिकही वेबसाइट करून घेतो आणि तिच्यासोबत ‘अ‍ॅनालिटिक्स’चे पॅकेज घ्या, असा आग्रह होतो.

वेबसाइटवर किती लोक आले, कुठून आले, कोणते पान पाहून गेले, हे मोजणारे सॉफ्टवेअर म्हणजे अ‍ॅनालिटिक्स. ते उपयोगाचे आहे. पण ते निवडण्याआधी एका कागदावर एकच प्रश्न लिहा: मला नेमके काय कळायला हवे? समजा तुमची शेडनेटमधली रोपवाटिका आहे. हजार जणांनी पान पाहिले, हा आकडा छान दिसतो, पण त्यातल्या किती जणांनी फोनचे किंवा व्हॉट्सअ‍ॅपचे बटण दाबले, हाच तुमचा खरा आकडा. जे सॉफ्टवेअर तो दाखवत नाही किंवा जो बसवून देणारा तेवढे करून देत नाही, त्याला पैसे देऊ नका.

ज्यांची वेबसाइटच नाही, त्यांनी यातले काहीही विकत घेण्याची गरज नाही. गुगल मॅपवरची आपल्या दुकानाची नोंद स्वतःच्या ताब्यात घ्या. ती फुकट आहे. किती जणांनी तिथून फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, हे तिथेच दिसते. लोणार सरोवराकडे निघालेला प्रवासी जेवायला जागा शोधतो तो बहुधा नकाशावरच. हॉटेलवाल्याला माझ्या मते एवढे पुरते.

वेबसाइट असेल तर सर्वांत आधी गुगल सर्च कन्सोल जोडा. तेही फुकट आहे आणि गुगलवर कोणते शब्द शोधून लोक तुमच्यापर्यंत आले ते दाखवते. शेवटच्या १६ महिन्यांची माहिती त्यात राहते. आपण पानावर ‘उच्च दर्जाची रोपे’ लिहितो आणि शेतकरी ‘मिरची रोप भाव’ असे शोधतो, तेही कित्येकदा रोमन अक्षरांत. हा फरक कळला की पानावरची दोन वाक्ये बदलूनही काम होते. मोठी पॅकेजे विकणारे याबद्दल फारसे बोलत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

त्यापुढे गुगल अ‍ॅनालिटिक्स. पैसे लागत नाहीत, ताकद मोठी, पण पडदा गोंधळात टाकणारा. त्यातली तपशीलवार विश्लेषणासाठीची माहिती मूळ सेटिंगमध्ये दोनच महिने टिकते. ती पहिल्याच दिवशी १४ महिने करून घ्या. शेतीशी जोडलेल्या धंद्याला या जूनची तुलना मागच्या जूनशीच करावी लागते, मे महिन्याशी करून काही हाती लागत नाही. आणखी एक ध्यानात ठेवा: या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती गुगलने १ जुलै २०२३ रोजी थांबवली आणि पुढच्या वर्षी तिच्यातली माहितीही काढून टाकली. ज्यांनी उतरवून ठेवली नव्हती, त्यांची गेली. म्हणून दर महिन्याचे चार आकडे वहीत लिहाच.

एकाच पानावर सगळे साधेपणाने हवे असेल तर प्लॉझिबल आहे. त्याचे पैसे पडतात. माटोमो स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालते, पण ते वेळोवेळी अद्ययावत करणारा भरवशाचा माणूस हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. मायक्रोसॉफ्टचे क्लॅरिटी फुकट असून लोक पानावर कुठे अडकतात ते दाखवते. फोनचे बटण पार तळाशी गेले असेल तर तिथे चटकन लक्षात येते.

आकड्यांवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. मोबाईल डेटावरून आलेला शेजारच्या गावचा माणूस अनेकदा मुंबईचा किंवा नागपूरचा म्हणून नोंदला जातो. ‘मुंबईतून मागणी आहे’ असे समजून तिकडच्या जाहिरातीवर पैसे घालण्याआधी आलेल्या फोनवर गाव विचारा. माणूस नसलेल्या यंत्रांच्या भेटीही मोजणीत शिरतात. यावर सगळ्यांत चांगला उपाय गल्ल्याजवळची वही: प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचा पत्ता कसा लागला?’ एवढे विचारायचे आणि उत्तर टिपायचे. महिन्याच्या शेवटी वही आणि सॉफ्टवेअर शेजारी ठेवून पाहा.

गिऱ्हाइकांची नावे आणि मोबाईल नंबर या मोजणीत मिसळू देऊ नका. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. शिवाय आपल्याकडे विश्वासाने नंबर दिलेल्या माणसाची ती ठेव आहे.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे खाते कोणाच्या नावावर आहे. वेबसाइट करून देणारा बऱ्याचदा सोय म्हणून स्वतःच्याच ईमेलने खाते उघडतो. उद्या त्याने काम सोडले किंवा देण्याघेण्यावरून बिनसले की वेबसाइटचे नाव, होस्टिंग आणि दोनतीन वर्षांची मोजणी, सगळे त्याच्याकडे अडकते. शेतीचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवत नाही. धंद्यासाठी वेगळा ईमेल काढा, त्याचा पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या, सर्च कन्सोलमध्ये मालक आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये प्रशासक म्हणून तोच ईमेल हवा, आणि हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. ज्यांची वेबसाइट आधीच चालू आहे, त्यांनी करून देणाऱ्याला आजच फोन लावावा आणि खाते कोणत्या ईमेलवर आहे ते विचारून घ्यावे.