बोट किनाऱ्याला लागताना

मैत्रिणींनो, प्रवासाला निघताना काय काय बरोबर घ्यायचं याची यादी आपण सगळ्याच करतो. परतीची यादी मात्र कुणी करत नाही. आणि बोटीचा लांबचा प्रवास असला, की खरी धांदल उडते ती शेवटच्या दीड दिवसातच!

मेच्या सुट्टीत, इंग्लंडमधल्या नणंदेच्या आग्रहावरून, आम्ही घरची पाच माणसं साउदॅम्प्टनहून बोटीनं नॉर्वेचा किनारा पाहून आलो. चौदा रात्री बोटीवर. बर्गनचा पाऊस, डोंगरात खोल शिरलेली गेइरांगरची खाडी (२००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे) आणि ७१ अंश उत्तरेचं नॉर्थ केप, जिथं मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही, हे सगळं पुन्हा केव्हातरी सांगेन. आज फक्त उतरण्याविषयी.

शेवटच्या रात्री मोठं सामान रंगीत चिठ्ठी बांधून खोलीबाहेर ठेवायचं असतं. ते भेटतं थेट दुसऱ्या सकाळी, धक्क्यावर. मधे पेटी उघडायची सोय नाही. म्हणून रात्रीचे कपडे, सकाळचे कपडे, चपला, औषधं, चष्मा, दागिने नि पासपोर्ट आधी हातपिशवीत काढा आणि मगच पेट्या भरायला घ्या. आमच्या समोरच्या खोलीतले एक गृहस्थ नाइट सूटवर ओव्हरकोट चढवून उतरले, बिचारे!

बिलाचंही तसंच. बोटीवर रोख पैसे कुणी मागत नाही, सगळं खात्यावर मांडलं जातं. बाटलीचं पाणी, कपड्यांची धुलाई, मुलांचे फोटो. शेवटच्या सकाळी काउंटरवर ही भली मोठी रांग असते. आदल्या संध्याकाळीच बिल मागून ओळ न्‌ ओळ तपासा. पुष्कळ बोटींवर बक्षिशीची रक्कम माणशी, दर दिवसाची, आधीच धरलेली असते. ती पाहून मग वर काय द्यायचं ते ठरवा. आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा निघाला. बोटीवर जाणाऱ्यांना तिकडे तारवटी म्हणतात. घरी दोन वर्षांची मुलगी आणि कंत्राट आठ महिन्यांचं! आम्ही वेगळं पाकीट दिलं, सासूबाईंनी न उघडलेलं लोणचं दिलं. लोणच्यावर तो जास्त खूष झाला असावा.

त्याच रात्री जेवण झाल्यावर सासूबाई टेबलापासून उठेचनात. म्हणाल्या, "चौदा दिवस झाले गं, आज भाजी कुठली करायची, असं मला कुणी विचारलं नाही." शेहेचाळीस वर्षं संसार झाला त्यांचा. मला काही बोलायला सुचेना.

बाकीच्यांची सुट्टी सोमवारपर्यंत असते हो, आपली कुलूप उघडताक्षणी संपते. म्हणून घरी गेल्यावर बघू, असं अजिबात म्हणू नका. बोटीवरच, सगळे एका खोलीत सापडतात तेव्हाच, पहिल्या चार दिवसांची वाटणी करून टाका. चौदा दिवस मुलं आपापली ताटं घेऊन रांगेत उभी राहिलीच होती ना? मग घरी त्यांच्या हातांना काय झालं? आमच्या ह्यांनी जरा कुरकुर केली, पण लेकीनं वाटणी लिहून काढल्यावर गप्प बसले.

उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन डुलल्यासारखी वाटते. घाबरू नका. न्हाणीघरात मात्र भिंतीचा आधार घ्या, स्टुलावर चढून माळा आवरायला जाऊ नका. दोन-तीन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा, आणि बोटीवरून आलो हे आवर्जून सांगा. हा त्रास रेंगाळतो तो बायकांमध्येच जास्त.

लोकरीचे कपडे हा जूनमधला मोठा प्रश्न! इकडे पाऊस, ऊन कुठलं मिळायला? कोमट पाण्यात हलक्या हातानं धुऊन, न पिळता, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली आडवे पसरा. दोरीवर टाकलेत तर स्वेटर गुडघ्यापर्यंत लांबेल. पूर्ण सुकल्याशिवाय पेटीत ठेवू नका, आणि ऑक्टोबरात एकदा उन्हं दाखवा.

आणि हे निघण्यापूर्वीच करायचं. दोन वाट्या तांदूळ, वाटीभर मुगाची डाळ कोरडीच एका डब्यात भरा; हळद, हिंग, जिरं, मीठ वर पुडीत. पाणी किती नि शिट्ट्या किती, ते झाकणावर लिहा. आमच्याकडे पहिल्या रात्रीची खिचडी ह्यांनी लावली. पाणी थोडं जास्त पडलं, पण सासूबाईंनी दोनदा मागून घेतली. पापड तेवढे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून जा. आमचे सादळले होते.