घडीची सायकल आणि कोकणातले चढ

मुंब्रा, कुर्ला, कौसा अशा वस्त्यांत राहणाऱ्या आणि गाव कोकणात असलेल्या तरुणांकडून हल्ली एक प्रश्न ऐकू येतो. घडीची सायकल घ्यावी का, आणि तीवरून गावापर्यंत जाता येईल का? घर दहा बाय बाराचे आहे आणि जिन्याखाली सायकल ठेवली तर ती राहील याची खात्री नाही. घडी करून पलंगाखाली सारता येणारी सायकल त्यांना आवडते, हे समजण्यासारखे आहे. पण पैसा कष्टाचा आहे आणि अनेकदा हप्त्यांवर घेतलेला आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे. माझे मत असे आहे की सगळा रस्ता तिच्यावरून करू नये, तुकड्यातुकड्यांनी जरूर करावा.

आधी रस्ता पाहू. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै, दाभोळ, गुहागर हा किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सपाट वाटतो. प्रत्यक्षात खाडी आली की उतार आणि जंगलजेटीतून पलीकडे उतरलो की लगेच चढ. एकेक चढ सह्याद्रीच्या घाटाएवढा नसतो, पण दिवसातून पाच-सहा वेळा आला की मांड्या भरून येतात. त्यात पावसाळ्यानंतर डांबर उखडलेले असते आणि काही ठिकाणी जांभ्याची मोकळी खडी पसरलेली असते.

घडीच्या सायकलचे चाक बहुधा 20 इंची असते, काहींचे 16 इंची. मोठे चाक ज्या खड्ड्याच्या कडांवरून सरकून जाते, त्यात लहान चाक खोल उतरते आणि तो दणका थेट मनगटात आणि कमरेत येतो. 1962 साली इंग्लंडमध्ये मोल्टन यांची लहान चाकांची सायकल आली तेव्हा तिला पुढेमागे धक्के शोषणारी रचना दिली होती, ती उगाच नव्हे. आपल्या बाजारातल्या बहुतेक घडीच्या सायकलींना ती नसते. तिथे निदान रुंद टायर हवे, आणि हवा दगडासारखी ठासून भरू नये.

चढाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. लहान चाकामुळे चढ जड जातो असे लोक म्हणतात. खरे तर दाते तेवढेच असतील तर लहान चाक चढाला सोपे पडते. अडचण अशी की सपाट रस्त्यावर वेग मिळावा म्हणून कंपन्या पुढे मोठे चेनव्हील बसवतात. पुढे 52 आणि मागे सर्वांत मोठे 28 दात्यांचे चक्र असेल, तर 20 इंची सायकल सर्वांत हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेरीत सुमारे 2.8 मीटर पुढे जाते. जुन्या पद्धतीच्या डोंगरी सायकलवर पुढे 22 आणि मागे 34 दाते असतात. ती एका फेरीत साधारण 1.3 मीटर जाते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. सामान लादून चढताना हाच फरक गुडघ्यांना कळतो. म्हणून दुकानात रंग आणि घडीचा वेग बघण्याआधी दाते मोजा, आणि चेनव्हील बदलता येते का ते विचारा.

उतारावरचा धोका वेगळा आहे. लहान रिमला धातू कमी असतो, त्यामुळे रिमवर दाबणाऱ्या ब्रेकने ती लवकर तापते आणि ट्यूब फुटू शकते. लांब उतारावर अधूनमधून थांबावे, रिम निवू द्यावी. हँडलच्या लांब दांड्याचा आणि फ्रेमचा बिजागर रोज निघण्यापूर्वी तपासावा. उंट बांधल्यावरच तवक्कुल करावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. इथे उंट म्हणजे हा बिजागर.

मग ही सायकल घ्यायचीच कशाला? कारण तिची घडी होते. दिव्याहून कोकणात जाणारी पॅसेंजर घ्यावी, खेडला उतरावे आणि तिथून दापोलीपर्यंतचे तीसेक किलोमीटर सायकलने करावेत. दम संपला तर एसटीला हात करावा. काहींना यात कमीपणा वाटतो. पूर्ण अंतर पायडल मारूनच कापले पाहिजे, नाहीतर प्रवास कसला, असे ते म्हणतात. मला हा हट्ट पटत नाही. आपल्या दीनमध्ये मुसाफिराला नमाज कसर करायची मुभा आहे, रोजा पुढे ढकलायची मुभा आहे. दिलेली सवलत घेणे म्हणजे हरणे नव्हे. ज्याला खरोखर सगळा खडबडीत रस्ता चाकांखाली घालायचा आहे, त्याने जुनी, धडधाकट डोंगरी सायकल घ्यावी. ती बहुधा स्वस्तही पडेल.

आणखी एक बाजू आहे, जी पुरुष सहसा बोलत नाहीत. बहुतेक घडीच्या सायकलींची फ्रेम खाली असते आणि सीट बरीच वरखाली होते. एकाच सायकलवर भाऊ, बहीण, अब्बा सगळे बसू शकतात. सलवार किंवा बुरखा घालूनही चढणे-उतरणे सोपे जाते. फक्त चेनवर पूर्ण झाकण हवे, नाहीतर कापड अडकते. घरातल्या मुलीला क्लासला जायला रिक्षाची वाट पाहावी लागणार नसेल, तर ही खरेदी इस्राफ नाही. वर्षातून एकदा गावच्या रस्त्यावर फोटो काढून ती पलंगाखाली जाणार असेल, तर मात्र आहे.

शेवटी टायरचे. लहान मुलांच्या 20 इंची सायकलींमुळे त्या मापाचे साधे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावी मिळून जाते. परदेशी 16 इंची सायकलचे माप वेगळे असते, ते तिथे मिळण्याची आशा धरू नका. सामान पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधा, पंप आणि पंक्चरचे सामान सोबत ठेवा, आणि चढ फारच उभा असेल तर उतरून ढकला.