नवरात्रातील नऊ रंग आणि रोजचे एक लुगडे

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरले जाते, अखंड दीप तेवू लागतो, रोज एकेक माळ चढते. याच सुमारास घरातील प्रौढ स्त्रीला अलीकडे आणखी एक चिंता लागलेली असते. आज कोणता रंग, आणि त्या रंगाचे वस्त्र आपल्यापाशी आहे की नाही? कीर्तन आटोपल्यावर माताभगिनी आम्हांला हाच प्रश्न वारंवार करतात, आणि तो करताना त्यांच्या स्वरात उत्साहापेक्षा धास्ती अधिक असते. म्हणून त्याविषयी दोन शब्द.

प्रथम शास्त्राचे पाहू. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ इ. स. १६१२ मधील, तर पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ इ. स. १७९० मधील. नवरात्राचा निर्णय हे दोन्ही ग्रंथ तपशिलाने देतात. घटस्थापना, उपवास, सप्तशतीचा पाठ, कुमारिकापूजन यांचा विचार तेथे आहे; नऊ दिवसांच्या नऊ रंगांच्या वस्त्रांचा विधी मात्र नाही. ही प्रथा चालू शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीतून रूढ झाली. रंगांची यादी दरवर्षी बदलते, यावरूनच सुज्ञांनी काय ते जाणावे.

तथापि या प्रथेचा आम्ही निषेध करीत नाही. कचेरीतल्या चार जणी एका रंगात एकत्र आल्या, हसल्या, बोलल्या, तर जगदंबेला त्यात उणे काय? आमचा आक्षेप आहे तो हौसेची सक्ती होण्याला. जिच्या पेटीत तीनच लुगडी आहेत, ती धुणीभांडी करणारी बाई त्या दिवशी देवळाच्या पायरीशी संकोचून उभी राहते. हे आम्ही पाहतो, आणि पाहून मन विषण्ण होते.

वस्त्राच्या सक्तीचा इतिहास आपल्या समाजाला ठाऊक आहे. धर्माच्या नावाखाली विधवेच्या अंगावर आलवण चढविले गेले. वस्त्र पाहून स्त्रीचे स्थान ठरविण्याची ती रीत अन्यायाची होती. आज रंगीत वस्त्र नेसून ती भगिनी आरतीला उभी राहते, हे शुभ होय. मग त्याच अंगणात वस्त्राची दुसरी शिस्त उभारून नवी भिंत का घालावी?

‘वस्त्र’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे आच्छादणे या धातूपासून आला. झाकावे, जपावे, आणि अंगाला सोसावे, हे वस्त्राचे पहिले काम. संस्कृतातील ‘शाटी’ म्हणजेच आपली साडी; न शिवलेला एक सलग पट्टा. तो एकच पट्टा स्त्री आपल्या कामाप्रमाणे नेसते, ही त्याची थोरवी. नऊ वारांचे लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर भरते. त्याचा कासोटा घातला की शेतात वाकता येते, जाते ओढता येते, वारीत चालता येते. जनाबाईंच्या दळणाकांडणाला देव येऊन हात लावी, असे आपण श्रद्धेने सांगतो. त्या कथेत जनाबाईंच्या लुगड्याचा रंग कोणी विचारीत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की सणासाठी खरेदी करणे असेल तर कामाकडे पाहून करावी. उदाहरणार्थ, बागलकोट जिल्ह्यातील इलकल गावचे इरकली लुगडे घ्या. अंग सुती, पदर रेशमी. गडद रंगाचे अंग लवकर मळकट दिसत नाही. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी घातली की तेच लुगडे ओटी भरण्यास साजते. साधी पांढरी सुती चोळी घातली की तेच शाळेत शिकविण्यास चालते. स्वयंपाकघरात पदर कमरेला खोचावा, कचेरीत खांद्यावर टाचणीने नीट लावावा, देवळात दोन्ही खांद्यांवरून घ्यावा. लुगडे एक, वेश तीन. साडीला चोळी अशी शोधत बसण्यापेक्षा पांढरी, काळी आणि एखादी खणाची अशा तीन चोळ्या बाळगाव्या. बहुतेक साड्यांना त्या पुरतात.

घेताना ओल्या पांढऱ्या फडक्याने पदराचा कोपरा चोळून पाहावा. रंग उतरला तर पहिली काही धुणी वेगळी करावी. लुगडे सावलीत वाळवावे. काठ जाड असेल तर तो रोजच्या वावरात बोचतो. बारीक काठ बरा. सलवार-कमीज वापरणाऱ्या भगिनींनाही हाच नियम लागू आहे. कापड घाम शोषणारे असावे, बाह्या काम करू देणाऱ्या असाव्या, आणि ओढणी दुसऱ्या दोन पोशाखांवरही शोभेल अशी असावी. पूजेसाठी वस्त्र धुतलेले, कोरडे आणि नीटनेटके असले म्हणजे पुरे. सोवळ्याची घरची रीत असेल, तर ती ज्याने त्याने पाळावी.

रंग पाळावयाचाच असेल, तर पेटीतील जुने काढावे. नसल्यास त्या रंगाचे एखादे फूल केसांत माळावे. जावाजावांनी, सासूसुनांनी एकमेकींच्या साड्या नेसाव्या. त्यात पैसा वाचतो आणि मायाही वाढते. आणि ज्या घरी यंदा नवे वस्त्र घेण्याची ऐपत आहे, त्या घराने नऊ साड्यांऐवजी दोन घ्याव्या. एक आपल्यासाठी, दुसरी आपल्या दारी राबणाऱ्या बाईची ओटी भरण्यासाठी. ही दुसरी साडीही रोज नेसता येईल अशीच, चांगल्या सुताची असावी. केवळ देण्यापुरते घेतलेले विरळ, रंग उतरणारे वस्त्र देवीच्या नावाने कोणाच्या पदरात घालू नये.