पोरांना रानात न्या, पण पाऊस सरल्यावर

जुलैतल्या सोमवारी सकाळी आमच्या अपघात विभागात एक ठरलेली गर्दी असते. आदल्या दिवशी धबधब्याखाली घसरलेले, शेवाळावरून पडून मनगट मोडलेले, दारूच्या बाटलीची काच पायात गेलेले. त्यात दोन-चार लहान मुलं असतातच. डिसेंबरातल्या सोमवारी हा कोपरा रिकामा असतो. मात्र बाह्यरुग्ण विभागात आया मुलांना घेऊन रांगेत उभ्या असतात. जेवत नाही, चिडचिड करतो, डोकं दुखतं म्हणतो, फळ्यावरचं दिसत नाही. ‘बाहेर किती वेळ असतो?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘थंडी आहे ना डॉक्टर, लगेच सर्दी होते. आणि आमच्याकडे साप फार.’

पेण-रोह्याकडच्या पालकांनी वर्षाचं गणित असं उलटं मांडलं आहे. ज्या चार महिन्यांत लहान मुलाला डोंगराकडे फिरकू देऊ नये, त्या महिन्यांत आपण सहकुटुंब धबधबा गाठतो. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रान कोरडं, हवा हलकी, ओढे शांत असतात, तेव्हा पोरांना घरात मोबाइल देऊन बसवतो.

३० जून २०२४ ची लोणावळ्याची घटना अनेकांना आठवत असेल. भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं टीव्हीवर पाहताना मला वाटलं, यात बेपर्वाई कमी आणि अज्ञान जास्त आहे. पाणी आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसानं वाढत नाही, वर डोंगरात पडलेल्या पावसानं वाढतं. खाली ऊन असताना लोंढा येऊ शकतो. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागणारं वाहतं पाणी चार वर्षांच्या मुलाच्या कमरेच्या वर असतं आणि त्याचे पाय सहज उचलतं. दर पावसाळ्यात प्रशासन मनाई आदेश काढतं, आपण आडवाटेनं जातो. मला विचाराल तर सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला वाहत्या धबधब्यात नेऊच नये. यात ‘काळजी घेऊन न्या’ असा मधला मार्ग मी सांगणार नाही.

हिवाळ्यातल्या रानाबद्दल मात्र मी तितक्याच आग्रहानं सांगतो, की न्याच.

आधी चष्म्याचं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज चाळीस मिनिटं जास्तीची, उघड्यावरची हालचाल ठेवली, बाकीच्या शाळांत नेहमीचं वेळापत्रक. तीन वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्यानं लघुदृष्टी आली होती, बाहेर खेळणाऱ्यांत ३०.४ टक्क्यांना. कारण बहुधा प्रकाशाचं आहे. वर्गात चारपाचशे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट. त्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवतं आणि बुबुळापासून पडद्यापर्यंतची लांबी वाढण्याचा वेग आटोक्यात राहतो, असं आजचं शास्त्र मानतं. तैवाननं २०१० पासून शाळकरी मुलांना दिवसाचे दोन तास बाहेर ठेवण्याचं धोरणच आखलं.

आता कुणी म्हणेल, यासाठी रान कशाला, अंगण पुरे. खरं आहे. महिन्यातून एकदा कर्नाळ्याला गेल्यानं कुणाचा चष्मा टळणार नाही. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून तीन तास हालचाल सांगते, पाच वर्षांपुढे रोज सरासरी तासभर जोमदार हालचाल. हा रोजचा हिशेब आहे. पण माझा अनुभव असा, की ज्या घरानं एकदा पोराला रानात चालताना पाहिलं, त्या घरात रोजच्या अंगणाचीही सवय लागते. ‘आमचा चालतच नाही, लगेच कडेवर घे म्हणतो’ म्हणणारी आई, तोच मुलगा मुंग्यांच्या रांगेमागे अर्धा तास चालला हे बघते आणि तिचा स्वतःचा अंदाज बदलतो.

जागांची आपल्याकडे वाण नाही. पेणहून पनवेलकडे निघालं की महामार्गाला लागूनच कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम बारा चौरस किलोमीटर, १९६८ पासून संरक्षित. बहुतेक लोक किल्ल्याच्या सुळक्याकडे धावतात. लहान मूल सोबत असेल तर सुळका विसरा. खालच्या सपाट पायवाटेनं सकाळी सात वाजता तासभर फिरा, कोतवालाचं शेपूट आणि स्वर्गीय नर्तकाचं पांढरं पीस दिसलं तर तेवढं पुष्कळ. रोह्याकडच्यांना फणसाड जवळ. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं. इथल्या पाणवठ्यांना लोक ‘गाण’ म्हणतात. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी असल्याचं पोरं पुस्तकात वाचतात, इथे त्याचं घरटं मान वर करून शोधायला मिळतं. गारंबीच्या हातभर लांब शेंगा आणि पेढ्याएवढ्या बिया पाहिल्यावर तर मोठी माणसंही लहान होतात. (बी उचलून घरी आणू नका, अभयारण्यातलं काहीच आणायचं नसतं.) पेणजवळची सांकशी मात्र लहानांसाठी पायथ्याच्या दर्ग्यापर्यंतच. वरचा कातळटप्पा त्यांचा नाही.

रोह्याचा अवचितगड मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथली चूक माझी स्वतःची आहे. माझी मुलगी पाच वर्षांची होती. एप्रिलचा शेवटचा आठवडा, मला एकच रविवार सुट्टी. घरातून निघायलाच नऊ वाजून गेले. मोठ्या माणसाला तासाभराची चढण, वाटेत दाट झाडी, तेव्हा मला वाटलं काय होतंय! अर्ध्या वाटेत ती कुरकुरायला लागली, मी गोष्ट सांगून पुढे नेली. वरच्या द्वादशकोनी तलावापाशी पोहोचलो तेव्हा तिची कुरकुर थांबली होती आणि मी खूश झालो. खरं तर तिथेच मला घाबरायला हवं होतं. तिचा चेहरा लालबुंद होता, डोळे जड, विचारलं तर उत्तर नाही. सकाळपासून तिनं लघवीलाही जायचं म्हटलं नव्हतं. सावलीत निजवून, कपडे सैल करून, ओल्या पंच्यानं अंग पुसत आणि घोट घोट पाणी पाजत मी तासभर बसलो. खाली आल्यावर पायथ्याच्या वाडीतल्या एका आजींनी मीठ-साखर घालून कोकमाचं पाणी दिलं आणि मला सुनावलं, ‘डाक्टर ना तुम्ही? उन्हाळ्यात पोराला कुणी वर नेतं काय?’

मुलाचं अंग उष्णता लवकर ओढतं. वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा पसारा मोठा असतो, आणि घाम मोठ्यांच्या मानानं कमी येतो. त्यात कोकणची दमट हवा, आलेला घामही वाळत नाही. रडणारं मूल एक वेळ बरं, गप्प झालेलं मूल तातडीचं समजा. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्या. लघवी गडद पिवळी झाली की परत फिरा. डिसेंबरातही उजाडताना निघून साडेनऊ-दहाला परतायचं, हे माझ्या घरात तेव्हापासून ठरलेलं आहे. किती चालायचं, हे घरातल्या सगळ्यात लहान पायांवर ठरतं. माथा गाठायचाच असेल तर तो नंतर कधीतरी, पोरांना घरी ठेवून गाठावा.

खाऊबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सहलीला चणे-शेंगदाणे ही आपली जुनी पद्धत. पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा देऊ नका, आणि चालता-पळता तर नाहीच. दाणा श्वासनलिकेत जातो, मूल एकदा जोरात ठसकतं, मग बरं वाटतं, आणि आठवड्याभरानं ‘न्यूमोनिया’ म्हणून येतं. दुर्बिणीनं दाणा काढायला मोठ्या शहरात पाठवावं लागतं. केळं न्या, दशमी न्या, गुळाचा लाडू न्या. आणि बसवून खायला द्या.

आता सापांचं. माझ्याकडे सर्पदंश येतात ते बहुतेक भातकापणीतून, गवताच्या भाऱ्यातून, नाहीतर रात्री जमिनीवर झोपलेल्यांना मण्यारीनं चावलेले. सकाळच्या वेळी पायवाटेवरून बुटांनी आवाज करत जाणाऱ्या कुटुंबातलं मूल मी इतक्या वर्षांत क्वचितच पाहिलं. तरी फुरसं आपल्या कातळातलंच आहे. म्हणून दगड उलटवायचा नाही, बिळात काठी घालायची नाही, एवढे दोन नियम पोरांकडून पाठ करून घ्या. चावलंच तर पाय किंवा हात फळीसारख्या आधारानं स्थिर करा, मुलाला चालवू नका, उचलून आणा. करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे जाऊ नका, १०८ ला फोन करा. मुलाला प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. ‘लहान आहे, अर्धंच द्या’ अशी विनवणी करणारे आजोबा मला भेटलेले आहेत.

विंचवाच्या बाबतीत तर रायगड जिल्ह्यानं जगाला शिकवलं आहे. तांबड्या विंचवाच्या दंशानं कोकणातली मुलं हृदय निकामी होऊन जात असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयातल्या खाटेशेजारी बसून हे काय घडतं ते टिपलं, प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून मुलं वाचवली आणि ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते मांडलं. पण गोळीला वेळेत पोहोचावं लागतं. दंशानंतर मुलाला दरदरून घाम आला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर कांदा चोळत बसू नका.

ज्या वाटांवर आपण रविवारी हौसेनं जातो, त्यांवरून कातकरी आणि ठाकर वाड्यांतली मुलं रोज शाळेत जातात. काही वाड्यांतून पावसाळ्यात आजारी माणूस झोळीतून खाली आणावा लागतो. त्यांच्यासाठी रस्ता आणि दवाखाना हा आपल्या सहलीच्या सोयींच्या आधीचा प्रश्न आहे, पण दोन्हींचा एक दुवा आहे. अशा प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक फलक हवा. त्यावर सर्पदंशाची लस जवळात जवळ कुठल्या रुग्णालयात मिळते, तिथला दूरध्वनी, आणि पावसाळ्यात ही वाट बंद आहे की चालू, इतकंच लिहिलेलं. मोठ्या रंगीत स्वागत-कमानी मी पुष्कळ पाहिल्या, हा फलक अजून पाहिलेला नाही. ग्रामपंचायतीला त्यासाठी चार पत्रे आणि रंगाचा डबा लागेल. वाडीतल्या जाणत्या माणसाला वाटाड्या म्हणून रीतसर पैसे देऊन सोबत घेतलं, तर पोरांना कुठल्या झाडाला हात लावू नये हे कळतं (खाजकुयली एकदा लागली की जन्मभर लक्षात राहते), आग्या मोहोळ कुठल्या कड्याला आहे हेही कळतं.

शाळांना एक विनंती. सहलीच्या बसगाड्या डिसेंबरात पहाटे चारला निघून दोनशे किलोमीटर दूरच्या वॉटर पार्कला जातात. पेणच्या शाळेला कर्नाळा आणि रोह्याच्या शाळेला फणसाड त्याहून कितीतरी जवळ आहे, आणि मुलं परतताना बसमध्ये ओकत नाहीत.

फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणून टाकली, तर महिन्याभरात मुलांच्या कातडीवरचे उपयोगी जिवाणू वाढले आणि रक्तात प्रतिकारशक्तीच्या समतोलाच्या खुणा दिसल्या, असं २०२० साली प्रसिद्ध झालं. मुलं थोडी, काळ थोडा, त्यामुळे फार हुरळून जाऊ नये. आणि आपल्याकडचा पावसाळी चिखल म्हणजे फिनलंडची माती नव्हे, त्यात लेप्टोचे जंतू असतात. हिवाळ्यातल्या कोरड्या मातीत मात्र पोरांना खुशाल बसू द्या. पाचव्या वर्षाचा त्रिगुणीचा बूस्टर झाला आहे ना, तेवढं कार्डावर बघून ठेवा.

घरी परतल्यावर आंघोळ घालताना काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी आणि कानामागचे केस नीट बघा. गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. पावसानंतरच्या उंच गवतात बारीक माइट किडे असतात, त्यांच्यापासून स्क्रब टायफस होतो. चावल्याच्या जागी कधी कधी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. वेळेवर ओळखला तर साध्या, स्वस्त औषधानं तो बरा होतो. म्हणून रानात गेलात त्या रविवारवर भिंतीवरच्या कॅलेंडरात पेनानं एक खूण करून ठेवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मुलाला ताप आला, तर डॉक्टरला आधी ती तारीख सांगा.